पदर कापलेला बिबट्या

आळेफाट्यावर त्या पावसाळ्यात एक कुजबूज उठली आणि चहाच्या टपरीपासून जैन स्थानकाच्या पायरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी लागली. पारसमलशेठची सून चेतना म्हणे सावळारामच्या चिकनच्या दुकानातून डबा भरून कोंबडी नेते, आणि ती बिबट्याला घालून त्याचे फोटो काढते.

पारसमल मुथांचं घर कोणतं, हे आधी ध्यानात घ्या. फाट्यावरचं जुनं कापडाचं दुकान. चातुर्मासात या घरात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो. पाणी गाळून, पीठ चाळून, पाऊल बघून टाकणारी माणसं. अशा घरची सून, आणि कोंबडी. ही बातमी ऐकून ज्याला गुदगुल्या झाल्या नाहीत, तो माणूस फाट्याचा नव्हे. कुणी म्हणे, बिबट्याचं नुसतं निमित्त, अर्धा डबा वाटेतच संपतो.

बातमी फोडली लंकाबाईनं. सावळारामच्या दुकानासमोर ती भाजी घेऊन बसते, आणि मेथीच्या जुडीबरोबर चार घरांची खबर फुकट देते. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई डोक्यावरून पदर घेऊन दुकानाच्या बोळात शिरली. पदराखाली स्टीलचा मोठा डबा, डब्यावर कोरलेलं नाव ‘झमकूबाई पारसमल मुथा’. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरायची रीत किती घातक आहे, हे चेतनाला तेव्हा कळायचं होतं.

दुसरा पुरावा तर चौकातच टांगलेला होता. नाशिक रस्त्याच्या तोंडाशी भलाथोरला फ्लेक्स, त्यावर चेतनानं काढलेला बिबट्या, आणि बिबट्याच्या पुढच्या पंजाशी कोंबडीचं एक पांढरं पीस. एकीकडं डबा, दुसरीकडं पीस. फाट्याला आणखी काय लागतं? नगरची एसटी सुटायच्या आत निकाल लागला. बाई तिथं का जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

चेतना मूळची आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावची. बापाचं किराणा दुकान. लग्न होऊन फाट्यावर आली ती अंकितच्या घरी. अंकित हा पारसमलशेठचा मुलगा, स्वभावानं गोड आणि हौसेनं आठ दिवसांचा. साड्यांचे फोटो मोबाइलवर टाकले की पुण्याची गिऱ्हाइकं येतील, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. त्यानं चांगला कॅमेरा घेतला, आठ दिवस गळ्यात मिरवला, आणि नवव्या दिवशी तो बायकोच्या गळ्यात आला.

चेतनानं पहिली साडी पुतळ्याला नेसवून टिपली, तर मागं गादीवर पारसमलशेठ दुपारची वामकुक्षी घेताना आले. मग ती शिकली. भिंगाचं तोंड जास्त उघडलं की पुढचं लखलखीत येतं आणि मागचं विरघळून जातं. साडी पुढं आली, सासरे मागं विरघळले. तिनं मोठ्या अभिमानानं फोटो सासूला दाखवला.

झमकूबाई म्हणाल्या, “छान आहे. पण हे मागं झोपलेत ते दिसतायत.”

“बाई, ते तर पूर्ण धूसर आहेत.”

“धूसर झाले तरी पोटावरून ओळखू येतात.”

घरात दोन दिवस हसू पुरलं. पारसमलशेठनी दोन दिवस पोट आत ओढून बसायचा प्रयत्न केला. पण चेतनाच्या डोक्यात ती गोष्ट वेगळीच जाऊन बसली. धूसर केलेला माणूस नाहीसा होत नाही. त्याचं नाक-डोळे जातात, पण बसणं, वाकणं, उभं राहणं राहतं. मागचं किती धूसर करायचं, हे आपल्या हातात आहे. सगळं पुसायचं, की ओळखीपुरतं ठेवायचं.

या घराची दुसरी एक रीत तिच्या कामी आली. दिवस मावळायच्या आत इथं जेवणं उरकतात. बाकीच्या घरच्या सुना भाकऱ्या थापायला बसतात, तेव्हा हिचा ओटा पुसून झालेला असतो. संध्याकाळचा तो मऊ उजेड, ज्यासाठी मोठमोठे फोटोवाले गाड्या घेऊन कुठून कुठून येतात, चेतनाला रोज गच्चीवर फुकट मिळायचा. ती तारेवरचे वेडे राघू टिपायची. मागं नुसतं हिरवं आलं की तिला तो फोटो फिका वाटायचा. अंकितला म्हणायची, “हा राघू कुठला? कुठलाही. मागं ट्रकचा लाल दिवा धूसर आला की हा आळेफाट्याचा.” अंकित म्हणायचा, “बरोबर आहे,” आणि मोबाइलवर क्रिकेट बघायचा.

पिंपळवंडीच्या शिवारात, उसाच्या कडेला, बयाबाई आणि हौशीराम या म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. बयाबाई दुकानाची जुनी गिऱ्हाईक. हिरव्या लुगड्याशिवाय दुसरा रंग तिला चालत नाही. आषाढात लुगडं घ्यायला आली तेव्हा गादीसमोर बसून तिनं गाऱ्हाणं मांडलं.

“शेठ, आमचं कुत्रं नेलं बिबट्यानं. दारातून. आता दिस कलला की मी अंगणात जायाचं न्हाई, आसं म्हणत्यात. माझ्याच अंगणात.”

“सगळीकडंच बिबटे झालेत, बयाबाई,” शेठ म्हणाले.

“झाल्यात की. मी काय त्यांना आज बगते का? पर ह्यो रोज येतोय. ठरल्या येळंला. पावण्यावानी.”

चेतना साडीच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. रोज, ठरल्या वेळेला, हे शब्द तिला खटकले. दोन दिवसांनी ती स्कूटीवर कॅमेरा घेऊन बयाबाईच्या घरी गेली. घरासमोर, शेताच्या टोकाला असलेल्या गोठ्याच्या माळ्यावर भुश्याची पोती रचलेली होती, त्यांच्यामागं बसली. हौशीराम खाली काठी घेऊन दारात.

माळ्यावरून तिनं जागा नीट न्याहाळली. डावीकडं ऊस आणि बांध. उजवीकडं, बांधापलीकडच्या पडीक जागेत, एक खड्डा. खड्ड्यात पांढरं पांढरं काही. पावसाळी वाऱ्यावर त्यातलं थोडं उडून बांधापर्यंत यायचं. कोंबड्यांची पिसं. वाससुद्धा तोच.

“हे कोण टाकतं, बयाबाई?”

“जागा ऋषीशेठची, त्या रिसॉर्टवाल्याची. टाकतंय कोन द्येव जाणं. आमी भांडलो तर म्हणतोय, तुमचेच लोक टाकत्यात.”

चेतना तशी लागोपाठ काही संध्याकाळी गेली, आणि एका संध्याकाळी तो आला. उसातून आवाज न करता बाहेर, बांधावर उभा. बयाबाईला सगळ्यांनी अंगणात जायची मनाई केली होती, पण मनाई ऐकेल तर ती बयाबाई कसली. ती केरसुणी घेऊन अंगण झाडत होती. एक हात कमरेवर, पाठ बिबट्याकडं. वाकलेली.

चेतनाला जे काही सुचलं ते त्या दोन-तीन श्वासांत सुचलं. बिबट्या मधोमध नको, डाव्या कडेला. त्याचं तोंड उजवीकडं आहे, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्याच्या नजरेमागून जाईल. कुठं जाईल? बयाबाईकडं नाही. तो तिच्याकडं बघतच नव्हता. तो खड्ड्याकडं बघत होता. भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं तर बयाबाईचा हिरवा ठिपका होईल. थोडं आवळलं तर बाई होईल, पण उजेड कमी पडेल, आणि हात जरा हलला तरी सगळं वाया. तिनं आवळलं. कॅमेरा भुश्याच्या पोत्यावर रुतवला, श्वास धरला, बटण दाबलं. आणि मग घसा फाटेस्तोवर ओरडली, “बयाबाई, आत चला.”

बिबट्या उसात विरला. हौशीराम काठी आपटत धावला. बयाबाई उंबऱ्यात उभी राहून विचारती झाली, “फोटू निघाला का?”

निघाला होता. पुढं बिबट्याची मिशी न् मिशी मोजावी अशी स्वच्छ. पंजाशी उडून आलेलं एक पीस. त्याच्या नजरेच्या शेवटी खड्डा, पांढरा, धूसर, तरी खड्डाच. आणि त्यामागं घराचा पिवळा दिवा आणि केरसुणी घेऊन वाकलेली एक हिरवी म्हातारी. चेहरा नाही, पण कमरेवरचा हात असा की पिंपळवंडीतलं शेंबडं पोरही नाव सांगेल. एका फोटोत अख्खी तक्रार मावली होती. बिबट्या बाईसाठी येत नाही, खड्ड्यासाठी येतो. बाई फक्त मधे राहते.

आता ऋषीशेठ. वय तिशीचं, जॅकेट जंगलाच्या रंगाचं, गाडी त्याहून जंगलाच्या रंगाची. बयाबाईच्या घरापलीकडं त्याचं ‘बिबटवाट’ नावाचं रिसॉर्ट. वर सज्जा बांधलेला, सज्ज्यात खुर्च्या, आणि जाहिरातीत ‘बिबट दर्शन’. देवदर्शनाला निदान रांग लागते. इथं चहा-भजी खात बसायचं. रिसॉर्टचे पडदे आणि चादरी मुथांच्या दुकानातूनच जायच्या, त्यामुळं शेठ त्याला ‘आपला ऋषी’ म्हणायचे.

अंकितनं तो फोटो कौतुकानं स्टेटसला ठेवला होता. ऋषी दुकानात हजर.

“ताई, काय टिपलंय तुम्ही. आमच्या बिबट महोत्सवाचा मोठा फ्लेक्स करू. खाली तुमचं नाव.”

चेतनाला वाटलं, चौकात लागला तर सगळा तालुका खड्डा बघेल. पण ती म्हणाली, “एकच करा. मागचं कापू नका.”

“ताई, मागचं म्हणजेच तर फोटो आहे,” ऋषी म्हणाला, आणि इतक्या सालस तोंडानं म्हणाला की झमकूबाईंनी त्याला चहा दिला.

चेतनानं बयाबाईला निरोप धाडला, तुमचा फोटो चौकात लागतोय. बयाबाईनं तो निरोप वस्तीवर किती जणांना सांगितला, याची मोजदाद नको. बाजारच्या दिवशी ती तेच हिरवं लुगडं नेसून, हौशीरामला पुढं घालून, फाट्यावर उतरली. शेजारच्या दोघी-तिघी सोबत. फ्लेक्सखाली उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली.

वर बिबट्या होता. मधोमध आणून ठेवलेला. मागं नुसतं मऊ हिरवं, जसं काही आदिमानवाच्या वेळचं रान. खाली अक्षरं, ‘जुन्नरचं रान तुम्हाला बोलावतंय’. आणि त्याखाली ‘छायाचित्र: सौ. चेतना अंकित मुथा’.

“मी कुटं हाये?” बयाबाईनं विचारलं.

शेजारणी पदर सावरायला लागल्या. शेवटी हौशीराम म्हणाला, “तुला कापली.”

बयाबाई बराच वेळ वर बघत होती. मग दुकानात आली, गादीच्या कडेला बसली. चेतनाला म्हणाली, “बिबट्या ठिवला आन् मला काढलं. घर माजं. कुत्रं माजं ग्येलं. आन् रान म्हणं ह्याचं.” ती रडली नाही. लुगड्याच्या निऱ्या नीट करून उठली आणि चहा न घेता निघून गेली. बयाबाई त्या दुकानातून चहा न घेता जाण्याची ही पहिली वेळ.

चेतनानं हातातली साडी घडी न घालता गादीवर टाकली. ती स्कूटी काढून सरळ बिबटवाटला गेली.

“बयाबाई कुठं गेल्या?”

ऋषी हसला. “ताई, ब्लर केलं फक्त. कॉम्प्युटरवर. तुम्हीच करता ना ब्लर?”

“मी धूसर करते, पुसत नाही. आणि खड्डा?”

“कसला खड्डा? लोकांना रानात माणूस नको असतो ताई. त्यासाठीच ते पुण्याहून येतात.”

“रान कुठं आहे इथं? ऊस आहे. तो बयाबाईंनी लावलाय. तुमच्या जागेत कोंबड्यांची घाण पडते, म्हणून जनावर त्यांच्या दारातून जातं. खाली माझं नाव घालून तुम्ही खोटं टांगलंय.”

“गावचे लोक टाकतात घाण. मी काय राखण बसवू? आणि जरा प्रेमानं बोला, पडद्यांची ऑर्डर तुमच्याकडंच आहे.”

ती परत आली, ती वेगळीच चेतना. त्यानंतर ती सावळारामच्या बोळात दिसायला लागली. डोक्यावर पदर, पदराखाली डबा. लंकाबाईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाला भाजी तोलायची सोडून पाहिलं. मग कुणीतरी फ्लेक्सवरच्या पिसाकडं बोट दाखवलं. ऋषीनं खड्डा कापला, म्हातारी कापली, पण पंजाशी पडलेलं ते पीस त्याच्या नजरेतून सुटलं. खड्डा असता तर त्या पिसाचा मालक कोण, हे दिसलं असतं. खड्डा गेला, आणि पीस चेतनाच्या पदरात पडलं. घाण एकाची, नाव भलतीचं. फाट्याला यात काही वावगं वाटलं नाही.

पर्युषणाचे दिवस सुरू होते. झमकूबाई स्थानकातून प्रवचन ऐकून येत होत्या, तेव्हा लंकाबाईनं त्यांना गाठलं. फार मायेनं गाठलं.

“वहिनी, राग येऊ दिऊ नका. पर तुमच्या नावाचा डबा सावळारामच्या दुकानात जातोय. आमाला बघवत न्हाई.”

झमकूबाई घरी आल्या. जिन्याखालच्या फळीवर, फडक्यात बांधलेला, त्यांचा खाकऱ्याचा मोठा डबा होता. जड. उघडून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ज्या डब्यात तसलं काही आहे, त्याचं झाकण पर्युषणात उघडायचं? त्यांनी सांडशीनं फडक्याची गाठ धरली, डबा पिशवीत सोडला, दुकानातल्या हमालाला बोलावलं आणि सांगितलं, “सावळारामकडं दे. म्हणावं, ज्याचं त्याला.” मग फळी तीनदा धुतली आणि अंघोळीला गेल्या.

संध्याकाळी चेतना जिन्याखाली आली, तर फळी ओली आणि रिकामी.

“बाई, डबा कुठं आहे?”

“जिथला तिथं गेला.”

“म्हणजे?”

“सावळारामकडं. सून म्हणून सत्रा वेळा पोटात घातलं, चेतना. हे नाही घालणार.”

चेतनानं ओल्या फळीवरून हात फिरवला. त्या डब्यात कॅमेरा होता. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून कोरड्या तांदळात ठेवलेला. कॅमेऱ्यात कार्ड, आणि कार्डावर तो अख्खा फोटो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर साड्यांनी जागा खाल्ली होती, म्हणून दुसरीकडं कुठं तो तसाच्या तसा उतरवलेलाच नव्हता. स्टेटस केव्हाच गेलं होतं. अख्खी प्रत आता उरली होती ती ऋषीकडं, म्हणजे उरली नव्हतीच.

ती निघाली. या वेळी पदर घेतला नाही, बोळातूनही गेली नाही. भर बाजारातून, दुकानाच्या पुढच्या दारानं, लंकाबाईच्या डोळ्यांदेखत आत शिरली. लंकाबाईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

सावळारामनं फळीवरून डबा काढला. “वहिनी, खरं सांगतो. तुमच्या घरचा डबा, सणाचे दिवस, वाटलं पेढे आलेत. हात साबणानं धुतले आणि उघडला. आत तांदूळ आणि कॅमेरा. म्हटलं, हा कुठला नवा पदार्थ.”

“कुणी हात नाही ना लावला?”

“नाय. पर एक सांगतो. मला यात घेऊ नका. माझं गिऱ्हाईक जाईल.”

“तुमचं नाव मी कापून टाकते,” चेतना म्हणाली. “ती रीतच पडलीय आता.”

घरी पारसमलशेठ गादीवर बसले होते, आणि चेहरा उतरलेला नव्हता, चढलेला होता. सून सावळारामच्या पुढच्या दारानं गेल्याची खबर तिच्या आधी पोचली होती.

“आधी हात धू,” ते म्हणाले.

तिनं हात धुतले, कॅमेरा काढला आणि छोट्या पडद्यावर तो फोटो त्यांच्यापुढं धरला. शेठनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“ही आपली बयाबाई.”

“कशावरून, बाबूजी? चेहरा तर नाही.”

“कमरेवर हात. तीस वर्षं या बाईला हिरवं लुगडं काढून देतोय मी.” त्यांनी पडदा जवळ आणला. “आणि हे पांढरं काय?”

“कोंबड्यांची पिसं. ऋषीच्या जागेतला खड्डा. चौकातल्या फोटोत हे कुठं दिसलं तुम्हाला?”

शेठनी मान वळवून चौकाकडं बघितलं.

“बाबूजी, पदर कापून कुणी साडी विकली, तर?”

“ती साडी नव्हे. तो तुकडा.”

“आणि तुकड्यावर आपल्या दुकानाचा शिक्का मारला, तर?”

पारसमलशेठनी चष्मा काढला. आयुष्यात त्यांना राग फार कमी वेळा आला होता, आणि आला तो नेहमी मालाच्या बाबतीत. “आपल्या नावावर कापलेला माल खपवला त्यानं,” ते म्हणाले. “चौकात. आणि मी त्याला आपला म्हणतो.” मग आत बघून म्हणाले, “झमकू, डब्यात तांदूळ होते.”

झमकूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “असतील,” त्या म्हणाल्या. “पण तो डबा आता माझ्या स्वयंपाकघरात यायचा नाही. तिलाच राहू दे. आणि झाकण नीट लावत जा म्हणावं, तांदळाला किडे होतील.” झमकूबाईंची माफी इतकीच असते. ज्यांना ती मिळाली आहे, त्यांना तिची किंमत ठाऊक आहे.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी संवत्सरीचा उपास झाला. दुसऱ्या दिवशी घराघरांत खमतखामणा, म्हणजे वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागायची. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा नेम. ऋषीशेठला हा नेम बरोबर ठाऊक होता. दुकान उघडताच तो पांढरा कुर्ता घालून आला. सोबत एकाला मोबाइल धरायला घेऊन.

“मिच्छामि दुक्कडम्, शेठ. ताई, तुम्हालाही.”

“क्षमा आहे,” पारसमलशेठ म्हणाले. त्यांच्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

“माझीही आहे,” चेतना म्हणाली. “आता हेच बयाबाईंच्या दारात जाऊन म्हणा. कापलं तुम्ही त्यांना.”

ऋषी मोबाइलकडं बघून हसला. “त्यांचा काय संबंध ताई? आणि ते खड्ड्याचं म्हणाल तर मी सांगितलं ना, लोक टाकतात. आता तर सगळा फाटा म्हणतोय कोण टाकतं ते. मी काही बोललो का?”

दुकानात कापड बघणाऱ्या बायकांनी हातातलं कापड खाली ठेवलं. हा माणूस क्षमा मागायला आला होता, आणि जाता जाता कोंबडीचं पातेलं पुन्हा त्याच बाईच्या डोक्यावर ठेवून निघाला होता. हात अजून जोडलेलेच.

पारसमलशेठ गादीवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळं सगळ्यांनी वाट बघितली. “बाहेर ये,” ते म्हणाले. “क्षमा दिली, ती दिली. आता माल बघ.”

दुकानाच्या माथ्यावर दिवाळीच्या साड्यांची जाहिरात लागायची जागा होती. रस्त्यावरून सगळ्यात आधी दिसणारी. तिथं झाकायला टांगलेलं धोतर अंकितनं शिडीवर चढून ओढलं. खाली अख्खा फोटो होता. डाव्या कडेला बिबट्या, त्याची नजर, नजरेच्या शेवटी खड्डा, त्यामागं वाकलेली हिरवी बाई. त्याच्या खाली आणखी तीन फोटो. पहिल्यात चिकनच्या दुकानाच्या मागच्या दारातला निळा ड्रम, वरपर्यंत पिसं. दुसऱ्यात तोच ड्रम टेम्पोत, टेम्पोवर ‘बिबटवाट’ अशी अक्षरं. तिसरा बयाबाईच्या माळ्यावरून टिपलेला. पुढं खड्ड्यात उलटा होणारा निळा ड्रम, एकेक पीस स्वच्छ. मागं धूसर सज्जा, सज्ज्यात खुर्च्या, खुर्च्यांत मोबाइल उंचावून बसलेली माणसं. चेहरे नाहीत कुणाचे. गरज नव्हती. सज्ज्याच्या कठड्याला टेकलेला, जंगलाच्या रंगाच्या जॅकेटातला एक जण तेवढा ओळखू येत होता. उभं राहण्यावरून.

ऋषीच्या सोबत्यानं मोबाइल खाली घेतला.

“हे काढा,” ऋषी म्हणाला. “बदनामी आहे ही.”

“कापलं नाही मी तुमचं काही,” चेतना म्हणाली. “कडेपासून कडेपर्यंत आहे. तुम्ही आहात तसेच आलात.”

“पडद्यांची ऑर्डर गेली तुमची, शेठ.”

“जाऊ दे. एवीतेवी तुझ्याकडं झाकायला फार लागतं, मला पुरवठा झेपत नव्हता,” पारसमलशेठ म्हणाले.

दुपारपर्यंत चौकात गर्दी झाली. ज्यांनी बिबट्या बघायला पैसे मोजले होते तेही येऊन उभे राहिले, आणि आपण धूसर आहोत याबद्दल देवाचे आभार मानून गेले. बयाबाई आली. खाली उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला, आणि हौशीरामला म्हणाली, “ही बग. ही मी.” मग दुकानात येऊन दोन कप चहा प्याली, मागचा एक धरून.

आठवड्याभरात वनखात्याची माणसं आली, खड्डा बुजला. बिबट्या अजून येतो, कारण ऊस आहे, पण ठरल्या वेळेला येत नाही, आणि बयाबाईच्या दारातून जात नाही. ऋषीवर काय कारवाई झाली, असं विचाराल तर चौकशी चालू आहे. त्याचा फ्लेक्स पुढं महिनाभर चौकात तसाच होता, चेतनाच्या नावासकट. तो उतरवायला कुणाला सवड झाली नाही. बयाबाईच्या दारात जाऊन हात जोडायला तो आजवर गेलेला नाही. आणि लंकाबाई आता सांगते की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. कोथिंबीर घेणारे मान डोलावतात.

चेतना अजून डब्यात कॅमेरा ठेवते. तिच्या मागं ती कोंबडीची गोष्ट अजून कुठं कुठं निघते, मढच्या लग्नात निघाली, मंचरच्या बाजारात निघाली. म्हणून एकदा साफ सांगून टाकायचं.

चेतनानं सावळारामच्या दुकानातून कधीही काहीही विकत घेतलं नाही. ती त्याच्या मागच्या दाराशी ड्रम आणि टेम्पोचे फोटो काढायला जात होती. बिबट्याला कोंबडी घालत होता तो ऋषी.